आईला ग्रीसला न्यावे का?

“डॉक्टर, या वयात आईला ग्रीसला नेले तर चालेल का?” एका मुलाने मला विचारले. आई बहात्तर वर्षांची. रक्तदाब आणि मधुमेह, दोन्ही सोबतीला. ती शेजारीच बसली होती. तिला मात्र कोणी काही विचारलेच नव्हते. मी विचारले, तेव्हा ती म्हणाली, “मला डोंगर चढायचे नाहीत. समुद्रात पाय सोडून सावलीत बसायचे आहे.”

वाचकहो, अशा इच्छेला उत्तर ग्रीसमधील हाल्किदिकी फार साजेसे आहे. कसांद्रा, सिथोनिया आणि आथोस अशी तीन बोटे एजियन समुद्रात शिरलेली. सिथोनियात पाइनची वने कित्येक ठिकाणी थेट वाळूपर्यंत उतरतात. आथोसच्या मठभूमीत स्त्रियांना प्रवेश नाही. पण उरानुपोलीहून निघणाऱ्या बोटीतून मठांचे दर्शन घडते.

जुलै-ऑगस्ट टाळावा, कडक ऊन आणि वणव्यांचा धोका तेव्हाच अधिक. सप्टेंबरात ऊन सौम्य, समुद्र मात्र कोमट असतो. उतारवयात तहान कमी जाणवते. त्यात लघवी वाढवणारी गोळी चालू असेल, तर उन्हात रक्तदाब एकाएकी उतरून भोवळ येऊ शकते. गोळी मनाने बंद करू नका. निघण्यापूर्वी डॉक्टरांशी बोला.

मधुमेहात पावलांची संवेदना मंदावते आणि तापल्या वाळूचा चटका कळत नाही. म्हणून अनवाणी चालू नये. रोज संध्याकाळी पावले तपासावीत. उन्हाळ्यात ग्रीसचे घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे असते. इन्सुलिनच्या वेळा आधी ठरवून घ्याव्यात. इन्सुलिन विमानात हातातील पिशवीतच ठेवावे. औषधांची मूळ नावे असलेली चिठ्ठीही सोबत असावी. विमानात अधूनमधून उठून चालावे.

शेंगेन व्हिसासाठी किमान 30,000 युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. त्यात जुने आजार समाविष्ट आहेत का, ते वाचून पाहा. मुक्काम ठरवताना जवळचे रुग्णालय किती अंतरावर आहे, हे विचारा. जिल्ह्याचे सार्वजनिक रुग्णालय पोलिगिरोस येथे आहे. तातडीच्या मदतीचा क्रमांक 112.

मी त्या मुलाला होकार दिला, पण एका अटीवर : रोजचा बेत आईने ठरवायचा. वृद्धांची काळजी घेताना आपण त्यांच्या वतीने नकार फार लवकर देतो. आधी त्यांना विचारा, तयारी त्यानंतर.