रक्ताच्या पिशवीतला मऊपणा

सिकलसेलच्या रुग्णाला रक्त चढवताना सलाइनच्या स्टँडवर टांगलेली पिशवी हातात धरली, तर ती मऊ लागते. हा मऊपणा त्या प्लास्टिकचा स्वतःचा नव्हे. पिशवी पीव्हीसीची असते आणि पीव्हीसी मुळात नळाच्या पाइपासारखे कडक. त्यात वजनाने साधारण एक तृतीयांश डीईएचपी नावाचे तेलकट द्रव्य मिसळले, की ते लवचिक होते. गडचिरोली आणि चंद्रपूरमध्ये गोंड, माडिया, परधान अशा अनेक समाजांत सिकलसेल पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. इथल्या कुटुंबांना या रसायनाचे नाव ठाऊक नसेल, पण त्याच्याशी त्यांची गाठ पडतेच.

डीईएचपी ज्यापासून बनते ते थॅलिक अनहायड्राइड म्हणजे पांढरी पापुद्र्यांसारखी पूड. पूर्वी ते दगडी कोळशाच्या डांबरातल्या नॅप्थलीनपासून, म्हणजे डांबरगोळ्यांच्याच रसायनापासून काढत. आज बहुतांश उत्पादन तेलशुद्धीकरणातून मिळणाऱ्या ऑर्थो-झायलीनवर चालते. त्याची वाफ हवेसोबत सुमारे 350 ते 400 अंश सेल्सियसला व्हॅनेडियमच्या उत्प्रेरकावरून नेतात. महाराष्ट्रात रायगड जिल्ह्यातल्या तळोजा औद्योगिक वसाहतीत आयजी पेट्रोकेमिकल्सचा याचा मोठा कारखाना आहे. कच्चा माल खनिज तेलातून येत असल्याने तेलाचा भाव हलला की याचाही हलतो. मालाचा खप रंग, फायबरचे पत्रे, वायरींची आवरणे, रेक्झिन, चपला यांत होतो. बाजारात डीईएचपीला ‘डीओपी’ म्हणतात. वैद्यकीय वापर हा त्यातला लहानसा कोपरा, पण पर्याय शोधायला सर्वांत अवघड.

कारण डीईएचपी प्लास्टिकला रासायनिक बंधाने जोडलेले नसते, नुसते मिसळलेले असते. स्निग्ध पदार्थांत ते सहज विरघळते, त्यामुळे साठवलेल्या रक्तात हळूहळू उतरते. रक्तात ते सापडते हे 1970 च्या सुमारास लक्षात आले. उंदरांवरील प्रयोगांत त्याचा नर पिल्लांच्या जननेंद्रियांच्या वाढीवर परिणाम दिसला. माणसांत किती मात्रेने किती अपाय होतो, यावर अजून एकमत नाही. सर्वांत जास्त काळजी वाटते ती अतिदक्षता विभागातल्या नवजात बाळांची, कारण शरीर इवलेसे आणि नळ्या-पिशव्या अनेक.

गंमत पुढेच आहे. रक्तात उतरलेले हेच द्रव्य तांबड्या पेशींच्या आवरणात शिरते आणि त्यांना फुटण्यापासून वाचवते. कुणी ठरवून केलेली ही सोय नव्हे, अपघाताने लाभलेली. नेहमीच्या सीपीडीए-1 द्रावणात रक्त 2 ते 6 अंशांवर 35 दिवस टिकते, त्यात या रसायनाचाही हात आहे. ते नुसते काढून टाकले तर पेशी लवकर फुटतात.

शहरात, रक्तपेढी दोन चौकांवर असताना, चार दिवस कमी-जास्त झाले तर फारसे अडत नाही. भामरागडचे तसे नाही. गडचिरोलीहून ते दीडशे किलोमीटरहून दूर, आणि पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की वाट बंद. अशा ठिकाणी फ्रीजमधल्या पिशवीची मुदत हाच आधार असतो. काचेच्या बाटल्यांकडे परत जाणेही शक्य नाही: त्या फुटतात, आणि एका रक्तदानातून पेशी, प्लाझ्मा व प्लेटलेट्स बंदिस्तपणे वेगळे करता येतात ते जोडपिशव्यांमुळेच.

युरोपीय संघाने वैद्यकीय साधनांतल्या डीईएचपीसाठी मुदत वाढवून 1 जुलै 2030 केली आहे. डीआयएनसीएच आणि सायट्रेट गटातले बीटीएचसी हे पर्याय आहेत. डीआयएनसीएचच्या पिशवीत पेशी जरा जास्त फुटतात, म्हणून सोबतचे साठवण-द्रावणही बदलावे लागते. म्हणजे एका पिशवीमागे सगळी साखळी बदलायची. युरोपची तारीख इथे जशीच्या तशी लावण्याआधी दुर्गम केंद्रांतला साठा किती दिवस टिकेल ते तपासायला हवे, असे मला वाटते.

पालकांनी या भीतीने रक्त नाकारू नये. तीव्र रक्तक्षयात किंवा पक्षाघातात रक्त न मिळण्याचा धोका कितीतरी मोठा आहे. वारंवार रक्त घेणाऱ्या मुलात शरीरात साचणारे लोहही अधिक त्रासदायक ठरते, त्याची तपासणी वेळोवेळी व्हायला हवी. हायड्रॉक्सियुरिया नियमित घेतल्यास वेदनेचे झटके आणि रक्ताची गरज, दोन्ही कमी होतात. ते आपल्या मुलाला चालेल का, हे डॉक्टरांना जरूर विचारावे.