पायाची नाडी

खडकवासला धरणाचे पाणी उजव्या कालव्याने दौंड तालुक्यात वरवंडच्या परिसरापर्यंत येते. कालव्यातून चारीत आणि चारीतून शेताच्या पाटात ते उतरते. पाटात गाळ साचला, म्हणजे शेवटच्या सरीतील ऊस आधी कोमेजतो. चाणाक्ष शेतकरी तेथून पाटाच्या कडेने मागे जातो व अडथळा शोधून काढतो.

मानवी शरीरातही हृदयाकडून निघालेले रक्त रोहिण्यांच्या वाटे हातापायांच्या बोटांपर्यंत पोहोचते. तंबाखू, मधुमेह, उच्च रक्तदाब आदी कारणांनी रोहिणीच्या आतल्या बाजूस मेदाचे थर साचतात आणि मार्ग अरुंद होतो.

अशा रोग्याला डॉक्टर प्रथम विचारतात, “किती चालल्यावर पोटरी दुखते? थांबल्यावर दुखणे राहते काय?” चालताना स्नायूंना अधिक रक्त लागते. ते न मिळाल्यास पोटरीत कळा येतात व थोड्या विश्रांतीने शमतात. नंतर दोन्ही पायांचा रंग, ऊब आणि जखमा पाहतात. जांघेत, गुडघ्यामागील लवणीत, घोट्याच्या आतल्या बाजूस व पावलाच्या पाठीवर बोटे ठेवून नाडी तपासतात. जेथे नाडी लागत नाही, त्याच्या वरच्या भागात अडथळा असावा, असे अनुमान निघते.

या अनुमानाला मापाची जोड देतात. घोट्याजवळच्या वरच्या रक्तदाबाला दंडातील वरच्या रक्तदाबाने भागतात. निरोगी माणसात हे दोन्ही जवळजवळ सारखे असतात. भागाकार ०.९ किंवा त्याहून कमी आला, तर रोहिणीत अडथळा आहे असे समजतात. दंडातील दाब १४० व घोट्याजवळचा ७० असेल, तर भागाकार ०.५ येतो, म्हणजे अडथळा मोठा आहे. मधुमेहात कधी कधी रोहिण्या ताठर होतात व हे माप फसवे ठरते. तेव्हा पायाच्या अंगठ्यातील दाब मोजतात. अडथळ्याची नेमकी जागा ध्वनिलहरींच्या साहाय्याने पाहता येते. या परीक्षेला ख्रिश्चन डॉपलर यांचे नाव आहे. तिच्यामागील तत्त्व त्यांनी १८४२ साली मांडले.

पोटरीतील कळांना पुष्कळ लोक म्हातारपणाचे दुखणे मानतात आणि बोटावरील जखम काळी पडेपर्यंत थांबतात. बसल्या जागीही पाय दुखणे, जखम न भरणे ही धोक्याची चिन्हे होत. पाय एकाएकी थंड, फिका व बधिर झाला, तर काही तासांतच उपचार व्हावे लागतात. वेळीच पाहिलेली नाडी अनेकदा पाय वाचवते.