कसरीचा हिशेब

संग्रहालयात फिरताना नजर कपाटांतल्या वस्तूंवर असते. भिंत आणि फरशी जिथे मिळतात त्या कोपऱ्याकडे सहसा कोणी पाहत नाही. तिथे अनेकदा पुठ्ठ्याची एक चपटी डबी ठेवलेली असते. तिची दोन्ही तोंडे उघडी असतात, आत चिकट थर असतो आणि वर एक क्रमांक व तारीख लिहिलेली असते. हा कीटकांचा सापळा. साध्या सापळ्यात आमिषही नसते. भिंतीच्या कडेने जाणारा किडा वाटेत आली म्हणून डबीत शिरतो आणि चिकटून राहतो. एवढ्याशा डबीने इमारतीतले किडे संपतील अशी ती ठेवणाऱ्याचीही अपेक्षा नसते. इमारतीत कोण वावरते आहे, एवढेच तिने सांगायचे असते.

म्हणजे सापळ्याचे खरे काम तो उचलल्यानंतर सुरू होते. कोणता किडा, किती, कुठे आणि कधी सापडला हे लिहून ठेवले, तरच त्या मेलेल्या किड्याला काही अर्थ. न लिहिलेला सापळा म्हणजे केरात जाणारा पुठ्ठा. म्हणूनच गेल्या काही दशकांत जगभरच्या संग्रहालयांनी या सापळ्यांच्या नोंदी वहीतून संगणकावरच्या डेटाबेसमध्ये नेल्या. किड्यांची अशी जमाखर्चाची वही का ठेवायची आणि ती कशी वाचायची, हा या लेखाचा विषय आहे.

एका शब्दात अनेक किडे

मराठीत लोकरी शालीला लागते ती कसर आणि पोथीला लागते तीही कसर. घरच्या व्यवहाराला एवढा एक शब्द पुरतो, पण संग्रहालयाला पुरत नाही. शाल खाणारी कसर म्हणजे एका लहान, फिकट सोनेरी पतंगाची अळी. त्याचे शास्त्रीय नाव टिनिओला बिसेलिएला. उडणारा पतंग स्वतः काहीच खात नाही. लोकर, पिसे आणि केसाळ कातडी कुरतडते ती त्याची अळी. पोथीतली चंदेरी, तीन शेपट्यांची, बिनपंखी कसर हा अगदी वेगळ्या कुळातला कीटक आहे. तिला खळ, सरस आणि कागदाचा पृष्ठभाग आवडतो, आणि बहुतेक जातींना ओलावाही लागतो. पुस्तकाच्या पानांतून आरपार गोल भोके पाडणारा तिसराच असतो. भारतातल्या ग्रंथालयांत गॅस्ट्रॅलस इंडिकस हा भुंगेरा त्यासाठी कुप्रसिद्ध आहे.

शिवाय काही किडे स्वतः फारसे नुकसान करत नाहीत, पण बातमी आणतात. पुस्तकांतल्या टाचणीच्या टोकाएवढ्या उवा सूक्ष्म बुरशीवर जगतात. त्या सापळ्यात वाढल्या की जवळपास कुठेतरी भिंत ओली आहे, असे समजावे. संग्रहालयांना छळणाऱ्या एका भुंगेऱ्याला तर लिनियसने अठराव्या शतकातच ‘म्युझिओरम’ म्हणजे संग्रहालयांचा असे नाव देऊन ठेवले. त्याचे पूर्ण नाव अँथ्रेनस म्युझिओरम. या कुळातले प्रौढ भुंगेरे फुलांतले पराग खातात आणि उजेडाकडे झेपावतात, म्हणून ते खिडकीच्या कट्ट्यावर मरून पडलेले दिसतात. त्यांच्या केसाळ अळ्या मात्र अंधारात राहून लोकर, रेशीम, पिसे आणि पेंढा भरलेले प्राणी खातात. प्रौढ भुंगेरा खिडकीपाशी मिळाला तर तो बाहेरून आलेला असू शकतो. अळी कपाटाखाली मिळाली तर वीण आतच चालू आहे. नोंदीत ‘भुंगेरा, एक’ एवढेच लिहिले, तर हा फरक कायमचा हरवतो.

विषाचा वारसा

एवढा खटाटोप कशाला, औषध मारून मोकळे व्हावे, असे कोणालाही वाटेल. संग्रहालयांनी दीडदोनशे वर्षे नेमके तेच केले. अठराव्या शतकात फ्रान्समधल्या मेट्झ गावच्या बेकर या औषधविक्रेत्याने आर्सेनिकचा साबण तयार केला. पक्ष्यांची कातडी टिकवण्यासाठी तो पुढे जगभर वापरला गेला. वाळवलेल्या वनस्पतींच्या पानांना पाऱ्याचे क्षार लावले गेले. दुसऱ्या महायुद्धानंतर डीडीटी आले. वस्तू टिकल्या, पण विषही टिकले. आर्सेनिक आणि पारा ही मूलद्रव्येच असल्यामुळे ती काळाबरोबर विरून जात नाहीत. आज एखादा जुना पेंढा भरलेला पक्षी हाताळताना संशोधकाला हातमोजे घालावे लागतात, त्याचे कारण हे आहे.

याची सर्वांत कटू किंमत अमेरिकेतल्या मूळनिवासी समाजांनी मोजली. १९९० च्या कायद्याने तिथल्या संग्रहालयांना या समाजांच्या पवित्र वस्तू परत कराव्या लागल्या. ॲरिझोनातल्या होपी समाजाकडे परत आलेल्या काही वस्तूंवर आर्सेनिक आढळले. या वस्तू काचेमागे ठेवण्याच्या नव्हेत. त्या माणसांनी धारण करायच्या, विधीत वापरायच्या असतात. वस्तू घरी आल्या, पण निर्धोकपणे हातात घेता येईनात. कोणत्या वस्तूवर कधी काय मारले याची नोंद बहुतेक ठिकाणी नव्हतीच. पुढे नियमांतच अशी तरतूद झाली, की परत करताना त्या वस्तूवरच्या विषाची जी माहिती असेल ती संग्रहालयाने दिली पाहिजे.

धुरी देण्यासाठी वापरला जाणारा मिथिल ब्रोमाइड वायूही ओझोनच्या थराला घातक ठरला. मॉन्ट्रियल कराराखाली विकसित देशांनी २००५ पर्यंत आणि विकसनशील देशांनी २०१५ पर्यंत, काही अपवाद सोडून, त्याचा वापर थांबवला. सरसकट विषाचा मार्ग असा बंद होत गेला, तसे आधी पाहायचे, मोजायचे आणि मग नेमक्या जागी उपाय करायचा हे धोरण रुजले. आज संग्रहालयशास्त्रात त्याला एकात्मिक कीडव्यवस्थापन म्हणतात. सापळा हे त्याचे डोळे आणि डेटाबेस ही त्याची स्मरणशक्ती.

नोंदीत काय असते

डेटाबेस हा शब्द भारदस्त असला तरी मुळात तो एकमेकांशी जोडलेले तक्ते असतो. पहिल्या तक्त्यात सापळे असतात: क्रमांक, मजला, दालन, नेमका कोपरा. दुसऱ्यात तपासण्या: सापळा केव्हा ठेवला, केव्हा पाहिला, कोणी पाहिला. तिसऱ्यात सापडलेले किडे: जात, अळी की प्रौढ, संख्या. चौथा तक्ता तापमान आणि आर्द्रतेचा असला तर उत्तम. सापळ्याची जागा आणि वस्तूची जागा एकाच संकेताने लिहिली, की एक मोठी सोय होते. अमुक सापळ्यात अळी सापडली तर तिच्या आसपास कोणत्या वस्तू आहेत, त्यांत लोकरीच्या किती आणि पिसांच्या किती, ही यादी क्षणात समोर येते.

या नोंदीत सर्वांत दुर्लक्षित आणि सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे शून्य. सापळा पाहिला, त्यात काही नव्हते, हे लिहायचा कंटाळा येतो. पण जागा कोरी ठेवली तर वर्षभराने तिचे चार अर्थ निघतात: किडा नव्हता, सापळा पाहिला नव्हता, सापळा हरवला होता, किंवा लिहायचे राहून गेले. शून्य लिहिले तर अर्थ एकच. पुढे किडा दिसला तर तो नवा आहे असे म्हणायचा अधिकार आधीच्या या शून्यांमुळेच मिळतो.

दुसरी गफलत होते ती नुसत्या बेरजेने. समजा, एका दालनात दहा सापळे होते आणि तीन महिन्यांत वीस किडे सापडले. पुढच्या तीन महिन्यांत तीस सापळे ठेवले आणि तीस किडे सापडले. बेरीज पाहिली तर प्रादुर्भाव दीडपट वाढला. प्रत्येक सापळ्यामागे पाहिले तर तो दोनावरून एकावर, म्हणजे निम्म्यावर आला. घाबरून उपाय करणारा आणि निश्चिंत राहणारा, दोघेही त्याच आकड्यांकडे पाहत असतात. म्हणून किती सापळे किती दिवस होते, हे ज्या नोंदीत नाही तिच्यातल्या संख्येवर विसंबता येत नाही.

नकाशावर दिसणारी गोष्ट

लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये सुमारे ८ कोटी नमुने आहेत. प्रत्येक कपाटाला सारखी काळजी देणे तिथे अशक्य. त्यामुळे इमारतीचे धोक्यानुसार टप्पे पाडण्याची पद्धत तिथे विकसित झाली. जिथे किड्यांना आवडणारे नमुने साठवलेले आहेत तो सर्वाधिक धोक्याचा विभाग. तिथे खाणेपिणे नाही, आणि नवी वस्तू वेगळी ठेवून तपासल्याशिवाय आत येत नाही. उपाहारगृह किंवा कार्यालये खालच्या टप्प्यांत येतात. एकच अळी कार्यालयात सापडली तर ती नोंद असते, संग्रहाच्या खोलीत सापडली तर तो इशारा असतो.

नोंदी नकाशावर मांडल्या की किड्यांचा उगम दिसू लागतो. युरोपातल्या जुन्या वाड्यांत तो अनेकदा वस्तूंमध्ये नसतोच. बंद पडलेल्या धुराड्यातले पक्ष्याचे घरटे, माळ्यावर मेलेले कबुतर, लाकडी फरशीच्या फटींत साठलेली धूळ आणि केस, हे त्यांचे खरे कोठार. पतंगांच्या गालिच्याजवळच्या नोंदी वाढत असतील आणि सगळ्यांत जास्त नोंद धुराड्याजवळची असेल, तर गालिच्यावर फवारा मारून काय साधणार?

इंग्लंडमधल्या ऐतिहासिक वास्तू सांभाळणाऱ्या इंग्लिश हेरिटेज या संस्थेने २०१७ साली ही मोजणी लोकांच्या घरात नेली. आपल्या स्थळांवर येणाऱ्यांना तिने पतंगांचे सापळे फुकट दिले आणि किती पतंग सापडले ते कळवायला सांगितले. या सापळ्यांत मादीच्या गंधाचे आमिष असते, त्यामुळे त्यांत फक्त नर अडकतात. पतंगांची वीण त्याने थांबत नाही, पण देशभरात त्यांचा पसरावा कसा आहे हे कळू लागते.

पागोळ्यांच्या देशात

हे सगळे आपल्याकडे जसेच्या तसे उचलता येणार नाही. थंड देशांतल्या अनेक संग्रहालयांत सापळे तीन महिन्यांनी पाहिले तरी चालते. आपल्याकडे वर्षभर उबदार हवा आणि त्यात चार महिने पावसाळी दमटपणा. किड्याची पिढी लवकर पुरी होते, म्हणून महिन्याला एक फेरी हवी. चिकट सापळ्यात पाली अडकतात, मुंग्या येतात, आणि जुन्या सापळ्यातले मेलेले किडे हेच भुंगेऱ्यांच्या अळ्यांचे खाद्य होते. वेळेवर न बदललेला सापळा किडींचे अन्नछत्र ठरतो. आणि आपला सर्वांत मोठा शत्रू, वाळवी, तर या सापळ्यात बहुधा येतच नाही. तिच्या मातीच्या नळ्या आणि लाकडातून गळणारे भुंग्याचे पीठ डोळ्यांनीच शोधावे लागते. पण ती पाहणीही त्याच नोंदीत, तारखेसह, लिहिता येते.

पुण्याच्या पुरालेखागारातले मोडी कागद रुमालांत बांधलेले आहेत. पोथ्या आपण बासनात घट्ट गुंडाळत आलो. त्यात वेखंडाची पुरचुंडी किंवा कडुलिंबाचा पाला ठेवत आलो. हे उपाय कामाचे आहेत की नुसते समाधानाचे, यावर हौसेने वाद होतात. सापळ्यांची नोंद हा वाद सोडवू शकते. एकाच खोलीतली दोन सारखी कपाटे घ्यावीत, एकात वेखंड ठेवावे, दुसऱ्यात नाही. दोन्हींत सारखेच सापळे ठेवून दोन पावसाळे मोजावे. एका जोडीने शास्त्र सिद्ध होणार नाही, पण दहा ग्रंथालयांनी तसे केले आणि एकाच पद्धतीने लिहिले, तर काहीतरी नक्की हाती लागेल.

किडा सापडल्यावरचा उपायही विषाशिवाय होऊ शकतो. वस्तू पॉलिथीनमध्ये हवाबंद करून उणे ३० अंश सेल्सिअसला ३ दिवस, किंवा उणे १८ अंशांना २ आठवडे ठेवली, की अळ्या आणि अंडीही मरतात. सगळ्याच वस्तूंना ही थंडी मानवत नाही, म्हणून जाणकाराला विचारावे. मात्र उपाय लागू पडला की नाही, हे पुन्हा तेच सापळे सांगतात.

महाराष्ट्रात शंभरी ओलांडलेली कितीतरी सार्वजनिक ग्रंथालये आहेत. त्यांच्याकडे शीतकक्ष नाहीत आणि कीटकतज्ज्ञही नाहीत. पण दहा सापळे, एक भिंग, मोबाइलवर काढलेले फोटो आणि संगणकावरचा एक साधा तक्ता एवढे जमण्यासारखे आहे. अवघड आहे ते दर महिन्याच्या ठरल्या तारखेला तो तक्ता भरणे, आणि काही सापडले नाही त्या महिन्यातही शून्य लिहिणे. ग्रंथपाल बदलला तरी पुढच्याला ते शून्य वाचता येईल, आणि ज्या महिन्यात त्याच्या जागी एक आला तो महिना त्याच्या नजरेतून सुटणार नाही.