चार्ल्स्टनला सहकुटुंब जाताना

अमेरिकेच्या दक्षिण कॅरोलायना राज्यात, अ‍ॅशली आणि कूपर या नद्यांच्या मधल्या चिंचोळ्या भूमीवर वसलेल्या चार्ल्स्टनला मुलाबाळांसह जावयाचे, तर मार्च-एप्रिलचा मुहूर्त धरावा; कारण उन्हाळा दमट, आणि जून ते नोव्हेंबर हा तर वादळांचाच अंमल. १८६१ साली ज्यावर तोफा डागल्या जाऊन यादवी युद्धास तोंड फुटले, तो सम्टर किल्ला बंदराच्या मुखाशी असून तेथे बोटीनेच जावे लागते. तिकिटांचा बंदोबस्त आधीच करावा. बाजारात गल्ला या आफ्रिकी वंशाच्या समाजाच्या स्त्रिया गवताची वेटोळी एकावर एक रचून, ताडाच्या पातीने टाके घालीत टोपल्या विणतात. मुलांना तेथे खुशाल रेंगाळू द्यावे. रंगीत हवेल्या पाहून झाल्या, तरी २०२३ साली उघडलेले आफ्रिकी-अमेरिकी संग्रहालय मात्र चुकवू नये: ज्यांच्या गुलामीवर या शहराचे वैभव उभे राहिले, त्यांना आणणारी जहाजे, हे संग्रहालय जेथे उभे आहे, त्याच गॅड्सडेनच्या धक्क्याला लागत.