रुबीची चित्रे

न्यू ऑर्लीन्स हे अमेरिकेतील मिसिसिपी नदीच्या काठी वसलेले एक मोठे शहर. १४ नोव्हेंबर १९६० रोजी सकाळी तेथील विल्यम फ्रान्ट्झ प्राथमिक शाळेपुढे लोकांची गर्दी जमली होती. लोक संतापाने ओरडत होते. इतक्यात एक मोटार येऊन थांबली आणि तिच्यातून सहा वर्षांची एक मुलगी उतरली. तिच्या सोबतीला तिची आई आणि रक्षणासाठी केंद्र सरकारचे चार अधिकारी होते. त्या मुलीचे नाव रुबी ब्रिजेस. तिचा अपराध एवढाच, की ती कृष्णवर्णीय होती आणि तिचे नाव गोऱ्या मुलांच्या शाळेत घातले होते.

अमेरिकेच्या दक्षिण भागात त्या काळी गोऱ्या व कृष्णवर्णीय मुलांच्या सरकारी शाळा वेगवेगळ्या असत. हा वर्णभेद राज्यघटनेच्या विरुद्ध आहे, असा निकाल तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९५४ साली दिला. परंतु लोकांची मने एका निकालाने बदलत नाहीत. रुबी शाळेत येताच गोऱ्या पालकांनी आपली मुले काढून नेली. बार्बरा हेन्री या गोऱ्या शिक्षिकेने मात्र तिला प्रेमाने जवळ केले. त्या वर्षी वर्गात एक शिक्षिका आणि एकच विद्यार्थिनी! रुबीच्या वडिलांची नोकरी गेली. तरीही रुबी रोज शिव्याशाप ऐकत शाळेत जात राहिली.

या लहान मुलीच्या मनावर काय परिणाम होत असेल, हा विचार रॉबर्ट कोल्स या मानसोपचारतज्ज्ञांच्या मनात आला. ते रुबीला नियमाने भेटू लागले. मुलांना मनातले दुःख शब्दांत सांगता येत नाही. म्हणून त्यांनी तिला कागद आणि रंगखडू दिले. रुबीने काढलेली चित्रे पाहून ते विचारात पडले. तिच्याच उंचीची एक गोरी मुलगी तिने आपल्या कितीतरी पट उंच आणि सर्व अवयवांनी परिपूर्ण अशी काढली होती. स्वतःचे चित्र मात्र तिने लहानसे काढले होते. त्यात कधी एक डोळा नसे, तर कधी एक कान नसे. तपकिरी आणि काळा रंग तर ती कित्येक महिने जमीन रंगविण्यापुरताच वापरी. जो रोज अपमान सोसतो, तो हळूहळू स्वतःच्याच दृष्टीने लहान होत जातो. ही गोष्ट रुबीने कोणाला सांगितली नव्हती. तिच्या रंगखडूंनी ती सांगितली.

दुसरे चित्र काढले एका प्रौढ कलावंताने. नॉर्मन रॉकवेल हे अमेरिकेतील अतिशय लोकप्रिय चित्रकार. एका प्रसिद्ध साप्ताहिकासाठी त्यांनी सत्तेचाळीस वर्षे सुखी घरांची आणि खेळकर मुलांची चित्रे काढली होती. ते काम सोडल्यावर त्यांनी रुबीचा प्रसंग रंगविला. ते चित्र १४ जानेवारी १९६४ च्या एका नियतकालिकात छापले गेले. चित्रात पांढरा झगा घातलेली, हातात पुस्तके व फूटपट्टी घेतलेली मुलगी ताठ मानेने चालली आहे. मागच्या भिंतीवर एक अपशब्द खरडलेला आहे आणि फेकलेल्या टोमॅटोचा लाल डाग आहे. अधिकाऱ्यांचे चेहरे चित्रात दिसत नाहीत. गर्दीही दिसत नाही; कारण जेथे गर्दी उभी होती, तेथेच चित्रकाराने पाहणाऱ्याला उभे केले आहे. ‘या मुलीवर ओरडणाऱ्यांत मी आहे काय?’ हा प्रश्न पाहणाऱ्याला टाळता येत नाही. २०११ साली हे चित्र अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानी लावण्यात आले. राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा यांच्या शेजारी उभी राहून रुबीने ते तेथे पाहिले.

पुढे पुस्तके लिहिली गेली. कोल्स यांनी १९९५ साली मुलांसाठी रुबीची गोष्ट लिहिली. १९९९ साली रुबीने आपली हकिकत स्वतःच्या शब्दांत सांगितली. ही पुस्तके शाळाशाळांतून वाचली जाऊ लागली. कोवळ्या मनाला अशा गोष्टी सोसणार नाहीत, असे काही पालकांना वाटते. २०२१ साली टेनेसी राज्यात तशी तक्रारही झाली. परंतु ज्या वेळी रुबीने हे सारे सोसले, त्या वेळी ती अवघी सहा वर्षांची होती.

न्यायालयाचा निकाल शाळेचे दार उघडतो. मनाचे दार उघडण्यास चित्र आणि पुस्तक यांचे साहाय्य लागते. आज त्याच शाळेच्या प्रांगणात लहानग्या रुबीचा पुतळा उभा आहे. त्याला डोळे आहेत, कान आहेत. काहीही उणे नाही.