*फेहु : गुरांपासून धनापर्यंत

लिखित पुराव्यात न आढळणारे, केवळ तुलनेने सिद्ध केलेले रूप तारांकित करून लिहितात. आद्य जर्मानिकमधील *फेहु हे नाम असेच आहे. अर्थ ‘गुरेढोरे’ आणि त्यावरून ‘संपत्ती’. मूळ इंडो-युरोपीय *पेकु. त्यापासूनच संस्कृत ‘पशु’ व लॅटिन ‘पेकु’ आले. ग्रिमच्या नियमानुसार जर्मानिकमध्ये ‘प’चा ‘फ’ आणि ‘क’चा ‘ह’ झाला. गॉथिक ‘फैहु’ म्हणजे धन, आजच्या जर्मनमधील ‘फी’ म्हणजे गुरे. आइसलँडिकमध्ये ‘फ्ये’ या एकाच शब्दाने मेंढ्याही सांगतात आणि पैसाही.

प्रवेशाच्या वेळी आपण भरतो ती इंग्रजी ‘फी’ मात्र थेट वंशज नव्हे, हे ध्यानात घ्यावे. जुन्या इंग्रजीतला ‘फेओह’ हा खरा वारस लोपला. ‘फी’ फ्रेंचमार्गे आली, बहुधा फ्रँकिशमधील याच नामावरून.