रक्ताचा वारसा आणि सिकलसेल

थंडीच्या दिवसांत हातपाय ठणकतात म्हणून सकाळच्या कवायतीला न येणाऱ्या मुलाला आपण सहज कामचुकार ठरवतो. विदर्भातील आपल्या समाजात आणि आदिवासी बांधवांत या वेदनेमागे सिकलसेल असू शकतो. त्यामुळे आनुवंशिकतेची मूलतत्त्वे पालकांनी व माजी विद्यार्थ्यांनी समजून घेणे अगत्याचे आहे.

अपत्याला जनुकाची एक प्रत मातेकडून आणि एक पित्याकडून मिळते. ग्रेगर मेंडेल यांनी वाटाण्याच्या रोपांवरील प्रयोगांतून वारशाचे हे नियम शोधले. त्यांचा निबंध १८६६ मध्ये प्रसिद्ध झाला. सिकलसेलमध्ये हिमोग्लोबिन घडवणाऱ्या जनुकात एक सूक्ष्म बदल असतो. दोन्ही प्रती बदललेल्या असल्या की प्राणवायू कमी पडताच तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, सूक्ष्म रक्तवाहिन्यांत अडकतात आणि असह्य वेदना होतात. एकच प्रत बदललेली असेल तर ती व्यक्ती 'वाहक' असते. तिला सहसा त्रास होत नाही. पती-पत्नी दोघेही वाहक असल्यास प्रत्येक गर्भधारणेत अपत्य रुग्ण असण्याची शक्यता २५ टक्के, वाहक असण्याची ५० टक्के आणि पूर्णतः मुक्त असण्याची २५ टक्के असते. पहिले मूल निरोगी निघाले, म्हणून दुसऱ्याचा धोका कमी होत नाही.

कुटुंबाचा हा हिशेब समूहालाही लागू पडतो. हार्डी आणि वाइनबर्ग यांनी १९०८ मध्ये त्याचे गणित मांडले. एखाद्या समूहात या जनुकाच्या शंभर प्रतींपैकी दहा बदललेल्या असतील आणि विवाह तपासणीविना होत असतील, तर शंभर अपत्यांमागे सरासरी एक रुग्ण व अठरा वाहक असतात. दिसणाऱ्या एका रुग्णामागे न दिसणारे अठरा जण असतात, ते असे.

मग हा जनुक टिकला कसा? वाहकांना तीव्र हिवतापापासून काही संरक्षण मिळते. म्हणून हिवतापग्रस्त प्रदेशांत तो पिढ्यान्‌पिढ्या टिकून राहिला. हा पूर्वजन्मीच्या कर्माचा भोग नव्हे, की रक्ताच्या हीनतेची खूणही नव्हे. आफ्रिका, अरबस्तान व भूमध्य समुद्राकाठच्या लोकांतही तो आढळतो.

इतिहासाचा दुवा येथेच जुळतो. सजातीय विवाहाचे बंधन हेच जातीचे मर्म आहे, असे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठातील निबंधात दाखवून दिले. विवाहाचे वर्तुळ लहान राहिले की समान जनुके एकत्र येण्याची शक्यता वाढते. पोटजातीच्या भिंती आपणही मनातून पाडल्या आहेत का, हा प्रश्न स्वतःला विचारावा लागेल. मात्र आंतरजातीय विवाहानेही तपासणी टळत नाही; वाहक कोणत्याही समाजात असू शकतो.

पत्रिका नाकारणाऱ्या धम्माचे आपण अनुयायी आहोत. विवाह ठरवताना मुलाचा आणि मुलीचा, दोघांचाही रक्ततपासणीचा अहवाल समोर ठेवावा. वाहक असणे हा दोष नाही. त्यावरून मुलीला नाकारणे हा मात्र अन्याय आहे. आणि कवायतीला न आलेल्या त्या मुलाला शिक्षेआधी पाणी, ऊब आणि दवाखाना मिळावा.